भाऊजींचा अँप्लिफायर आणि अप्पांचं गाऱ्हाणं

मी विजेच्या उपकरणांतला जाणकार आहे असं आमच्या घरात एकाच माणसाचं मत होतं, आणि तो माणूस मी होतो.

मताला आधार होता. मी टपालाने रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला होता. (पंचवीसपैकी अकरा धडे आले, मग संस्थाच बंद पडली. त्यात माझा काही हात नव्हता.) माझ्याकडे मीटर होता, तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री होती आणि मीटर छातीशी धरून काढलेला एक फोटोही होता. पोट भरायला मी विमा कंपनीत क्लेमच्या फायली पुढे ढकलायचो, पण ते काय, कुणीही करतं.

तेव्हा आम्ही जोगेश्वरीला पूर्वेला राहत होतो. कॉलनीत निम्मी घरं मालवणकडची, गिरण्यांतून निवृत्त झालेल्यांची. माझे वडील अप्पाही त्यातलेच, छत्तीस वर्षं गिरणीत फिटर. माझ्या ताईचे यजमान, म्हणजे भाऊजी, मस्कतला होते. त्या काळात आखातातला जावई म्हणजे काय चीज होती हे आजच्या मुलांना कळायचं नाही. त्यांचं पत्र आलं की आई ते आधी देवापुढे ठेवायची आणि मग वाचायची.

तर या भाऊजींनी एका सुट्टीत पांढरी फियाट घेतली, तिच्यात मस्कतहून आणलेला कॅसेटचा डेक आणि डिकीत त्याचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर बसवला, आणि परत जाताना गाडी आमच्या कंपाउंडात ठेवली. किल्ली माझ्या हातात देताना म्हणाले, "अरविंद, आठवड्यातून एकदा चालू कर, म्हणजे बॅटरी राहील. फाटकाबाहेर मात्र न्यायची नाही. आणि अँप्लिफायरला हात लावू नकोस."

"भाऊजी, मी कोर्स केलाय."

"म्हणूनच सांगतोय," भाऊजी म्हणाले.

पावसाळ्यात बॅटरी बसली. मी ती चार्ज करून आणली आणि परत जोडली. बॅटरीला दोन टोकं असतात आणि तारा दोन. म्हणजे जोडायच्या रीती फक्त दोन. त्यातली एक चुकीची असते आणि ती मला पहिल्याच प्रयत्नात सापडली. डिकीतून फट् असा आवाज आला, आणि करपलेल्या पापडाचा वास सुटला. डेकचा फ्यूज उडाला म्हणून डेक वाचला. अँप्लिफायर मात्र गेला.

भाऊजी दसऱ्याच्या आदल्या दिवशी येणार होते. म्हणजे माझ्याकडे पाच आठवडे होते. आईने ऐकलं आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

"जावईबापूंची वस्तू जाळलीस? आता शैलाला काय काय ऐकून घ्यावं लागेल? तिच्या सासूला तर निमित्तच हवं असतं."

ही गोष्ट गमतीची नव्हती. ताईच्या सासूबाई तशाच होत्या. लग्नात आमच्याकडून एक तांब्या कमी गेला होता, तो त्या आठ वर्षं बोलून दाखवत होत्या. अँप्लिफायर किती वर्षं पुरला असता याचा हिशेब कुणी केला नाही. ताईला आमच्यामुळे मान खाली घालावी लागू नये, एवढंच हवं होतं. ठरलं असं की भाऊजींना काही कळू द्यायचं नाही.

घाटकोपरला सहस्रबुद्धे नावाचे गृहस्थ होते. ट्रॉम्बेला अणुकेंद्रात नोकरी आणि रविवारी हौस म्हणून गॅलरीत बसून लोकांचे अँप्लिफायर दुरुस्त करायचे. मी भाजीच्या पिशवीत अँप्लिफायर घालून बसने गेलो. त्यांनी तो उघडला, आत बघितलं आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"उलटी बॅटरी कुणी लावली?"

"शेजारी आहेत एक," मी म्हटलं.

दोन आठवड्यांनी अँप्लिफायर तयार झाला. त्यांनी टेबलावर आपल्या डेकला जोडून वाजवून दाखवला. डेकचं आवाजाचं बटण आठाच्या आकड्यावर नेलं तरी आवाज खणखणीत. पिशवीत भरता भरता त्यांनी विचारलं, "गाडीत अर्थिंग कुठे केलंय?"

मला हसू आलं. गाडीत बॅटरीची एक तार थेट येते आणि दुसऱ्या तारेचं काम गाडीचा पत्राच करतो. म्हणून अँप्लिफायरची काळी तार पत्र्याला बोल्टने आवळायची. हे मला चौथ्या धड्यापासून माहीत होतं.

"पत्र्याला. आणखी कुठे करतात?"

"विचारलं आपलं," सहस्रबुद्धे म्हणाले.

इकडे ते दोन आठवडे मी वाया घालवले नव्हते. रिकाम्या डिकीत मला गंज दिसला होता. भाऊजी खूश व्हावेत म्हणून तो खरवडून मी आत निळ्या ऑइलपेंटचे दोन जाड हात दिले होते. (सोसायटीच्या दारांचा उरलेला. पांढऱ्या गाडीत निळी डिकी, आतून देव्हाऱ्यासारखी दिसायची.) त्या चकचकीत निळाईत मी अँप्लिफायर बसवला, काळी तार बोल्टने आवळली आणि घरच्यांना खाली बोलावलं.

डेकचं बटण तीनच्या आकड्यावर नेईपर्यंत गाणं छान वाजलं. चारवर नेलं आणि आवाज फाटला. म्हणजे गायिका गात होती, पण कुणीतरी तिच्या तोंडाला खाकी कागद बांधल्यासारखी.

"असंच असतं का हे गाणं?" माझी बायको सुमन म्हणाली.

पुढच्या रविवारी पुन्हा पिशवी, पुन्हा घाटकोपर. सहस्रबुद्ध्यांनी जोडला. आठावर खणखणीत.

"माझ्या टेबलावर वाजतो," ते म्हणाले.

"माझ्या गाडीत फाटतो."

"मग गाडी आणा."

गाडी फाटकाबाहेर न्यायची नव्हती. शिवाय मला ती रिव्हर्समध्ये घालता येत नव्हती, पण हे अणुशास्त्रज्ञाला सांगायची गरज नव्हती. मी परत आलो आणि सुमनला म्हटलं, "माणूस चालू आहे. स्वस्तातले ट्रान्झिस्टर टाकलेत."

"मग त्यांच्याकडे कसा वाजतो?"

"तीच तर चलाखी आहे!"

त्यानंतर मी शास्त्रीय पद्धतीने दोष शोधायला घेतला. आधी स्पीकरवर संशय. ते काढून त्यांच्या मागे उशीतला कापूस भरला. आवाज चारवरच फाटला, फक्त आता अप्पांना उशी नव्हती. मग बॅटरीवर संशय. मीटर लावला, बॅटरीवर पूर्ण बारा व्होल्ट. तरी खात्री म्हणून तळमजल्यावरच्या गावड्यांच्या टॅक्सीची बॅटरी मागून आणली. (या वेळी तारा सुमनने जोडल्या.) चारवर फाटला, आणि गावड्यांचं सकाळचं भाडं गेलं. मग अँप्लिफायरच्या पाठीमागे आवाज वाढवायचा एक बारीक स्क्रू होता, तो पूर्ण पिळला. आता तो साडेतीनवरच फाटायला लागला.

दुधाच्या केंद्रावर रांगेत लोक मला विचारू लागले, "काय, आज कितीवर फाटला?"

शेवटी मला वाटलं, दोष कॅसेटमध्येच असेल. बाजारातल्या कॅसेटचा भरवसा काय? मला स्वतः टेप केलेला, ओळखीचा, दणदणीत माणसाचा आवाज हवा होता. असा आवाज आमच्या घरातच होता.

अप्पा कॉलनीचं गाऱ्हाणं घालायचे. मालवणकडे कुठलंही काम सुरू करताना वडीलधारा माणूस देवाला उभ्या उभ्या मोठ्याने साकडं घालतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणून होकार देतात. शब्द कुणी ऐकत नाही. बोलणारा श्वासाला थांबला की हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आमच्याकडे बोअरवेलपासून बारशापर्यंत सगळ्याला अप्पांचंच गाऱ्हाणं असायचं.

रविवारी संध्याकाळी मी घरातला टेपरेकॉर्डर अप्पांसमोर ठेवला आणि लाल बटण दाबलं. अप्पांनी टोपी घातली, हात जोडले आणि दसऱ्याला घालायचं गाऱ्हाणंच सुरू केलं. स्वयंपाकघरातली भांडी वाजायला लागली.

संपल्यावर त्यांनी विचारलं, "जमला?"

"झकास, अप्पा. आता बघा, या कॅसेटवर तो सहस्रबुद्धे उघडा पडतो की नाही."

सुमनने चहा आणला. आईने तिची रोजची चिंता काढली. "अरे, पण जावईबापूंना कळलं, की तू जाळलास म्हणून?"

"त्यांना कोण सांगणार आहे? आणि कळायला त्यांना त्यातलं काय समजतं? मस्कतला राहिलं म्हणजे अक्कल येते असं थोडंच आहे. लग्नात तो माणूस ट्रान्झिस्टर कानाला उलटा लावून बातम्या ऐकत होता. विचारलंच तर सांगू, समुद्राची हवा लागली. मान डोलावेल."

"माज्या जावयाक कित्या असा बोलतंस?" अप्पा म्हणाले, पण हसत होते.

बराच वेळ आम्ही हसलो. कधीतरी टेपरेकॉर्डरचं बटण आपोआप खट्कन वर आलं. मी कॅसेट काढली आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलं: अप्पा, गाऱ्हाणं, टेस्ट.

गाडीत अप्पांचं गाऱ्हाणं पहिल्याच वाक्याला फाटलं. 'बा देवा म्हाराजा' मधला देव कसाबसा ऐकू आला, महाराज गेले. अप्पा लाल झाले.

"ह्यो माजो आवाज? मी असो खराखरा बोलतंय? बंद कर!"

मी बंद केलं. मग अप्पांनी गाडीशेजारी उभं राहून खरा आवाज कसा असतो ते करून दाखवलं. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी खिडकीतून "व्हय म्हाराजा" म्हटलं. पुढचे पाच दिवस रोज हेच. मी कुठलीशी तार बदलायची, कॅसेट लावायची, पहिलं वाक्य फाटायचं, मी बंद करायचं, आणि अप्पांनी तुलना म्हणून स्वतः ओरडून दाखवायचं. कॅसेट दुसऱ्या वाक्यापलीकडे कुणी ऐकलीच नाही. पाचव्या दिवशी अप्पांचा घसा बसला. दसरा दोन दिवसांवर, आणि कॉलनीच्या गाऱ्हाण्याचा आवाज माझ्या संशोधनात खर्ची पडला होता. आईने माझ्याशी बोलणं सोडलं. सुमनने सोडलं नाही, ते जास्त वाईट होतं.

मी हार मानली. सुमनच्या नेलपॉलिशने बटणावर तीनच्या पुढे एक लाल रेघ मारली. भाऊजींना सांगायचं, की आता नवीन नियम आहे, कॉलनीत याच्यापुढे वाजवायचं नाही.

खंडेनवमीला दुपारी अप्पा गाडीची पूजेसाठी तयारी करायला खाली उतरले. घसा बसला तरी हात चालू होते. त्यांनी डिकी उघडली आणि बघत राहिले.

"लोखांड खंय आसा?" ते कुजबुजले.

"आहे ना. रंगाच्या खाली."

"गिरणीत आमी खंडेनवमीक मशीनीचो रंग पॉलिश पेपरान काढू आणि मगे कुंकू लावू. रंगावर लावलंस तर ती रंगाची पूजा झाली. मशीनीची नाय."

माझी कलाकुसर सगळी खरवडू नका म्हणून मी हात जोडले. तेव्हा फिटर माणसाच्या डोळ्यांना एकच जागा बरी दिसली. त्यांनी पाना घेतला, अँप्लिफायरच्या काळ्या तारेचा बोल्ट सोडवला, खालचा निळा रंग पॉलिश पेपरने घासून रुपयाएवढं लोखंड आरशासारखं चकचकीत केलं, तारेचं टोकही घासलं, बोल्ट परत आवळला आणि त्याच्या डोक्यावर हळदकुंकू वाहिलं. मी शेजारी उभा होतो. मनात म्हटलं, बिचाऱ्यांचं वय झालं. त्यांचं मन राखायला हवं.

त्याच संध्याकाळी भाऊजी आणि ताई आले. मी त्यांच्या प्रवासाच्या थकव्याचं कारण सांगून भाऊजींना गाडीपासून लांब ठेवलं.

दसऱ्याच्या सकाळी कंपाउंडात कॉलनी जमली. गाडीला झेंडूचं तोरण, चाकांखाली लिंबं. आईने ओवाळलं. मग सगळे अप्पांकडे बघू लागले. अप्पांनी तोंड उघडलं आणि त्यातून फक्त हवा आली.

"आता गाऱ्हाण्याचा काय?" गावड्यांनी विचारलं.

भाऊजी पुढच्या सीटवर बसले होते. त्यांनी डेकजवळची कॅसेट उचलून वाचली. "अप्पा, गाऱ्हाणं. ही काय आहे की. अरविंद, तू अगदी तयारीत आहेस."

"भाऊजी, तीनच्या पुढे नको हं, ती लाल रेघ..."

भाऊजींनी कॅसेट आत ढकलली आणि बटण सरळ सातावर नेलं. मी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

मी डोळे उघडले. आवाज फाटला नव्हता. अप्पा, तरुण, टोपीसकट, आकाशातून बोलत होते. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचे कावळे उडाले.

"आज दसऱ्याच्या दिवशी ही जी काय लेकरां तुज्या पायाकडे जमली हत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कॉलनी गरजली.

मी डिकीकडे धावलो. बोल्टवरचं कुंकू बघितलं, आणि लख्ख प्रकाश पडला. ऑइलपेंटवर! मी काळी तार दोन हात ऑइलपेंटवर आवळली होती. बोल्टच्या आट्यांतून जी काय वीज झिरपत होती तेवढ्यावर तो बिचारा तीनपर्यंत तग धरत होता, आणि जास्त मागितली की आवाज फाटत होता. बॅटरीला मीटर लावून बारा व्होल्ट दिसणारच, अँप्लिफायरपर्यंत ते पोहोचतात का हे मी बघितलंच नव्हतं. सहस्रबुद्ध्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. पण त्या क्षणी मला लाज वाटली नाही. मला इतका आनंद झाला की मी अप्पांना मिठीच मारली.

"वाटेत काय इडा-पिडा इली, तर ती वाटेतच थोपव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भाऊजींनी खिडकीतून मान बाहेर काढली. "अरविंद, हा आधी इतका चांगला वाजत नव्हता रे."

"जरा ट्यून केलाय," मी म्हटलं. आईने पाच आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याकडे मायेने बघितलं. ताई अभिमानाने कॉलनीकडे बघत होती.

"आणि कोणाची काय चूकभूल झाली असात, तर ती पदरात घेवन लेकरांका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं संपलं. सगळे हात जोडून, डोळे मिटून उभे होते. स्पीकरमधून अप्पांनी विचारलं, "जमला?"

दोन-चार जण सवयीने म्हणाले, "व्हय म्हाराजा."

आणि मग माझा आवाज आला. "झकास, अप्पा. आता बघा, या कॅसेटवर तो सहस्रबुद्धे उघडा पडतो की नाही."

"व्हय म्हाराजा!"

मला खट्कन वर आलेलं ते बटण आठवलं. मी डिकीपाशी होतो, भाऊजी पुढच्या सीटवर, आणि मधे सगळी कॉलनी. वाट काढत निघालो. आईचा आवाज माझ्या आधी पोहोचला.

"अरे, पण जावईबापूंना कळलं, की तू जाळलास म्हणून?"

"व्हय म्हाराजा!"

"त्यांना कोण सांगणार आहे? आणि कळायला त्यांना त्यातलं काय समजतं?"

"व्हय म्हाराजा!" कॉलनीने एकमुखाने मान्य केलं.

मी गाडीच्या दारापाशी पोहोचलो आणि खिडकीतून हात आत घातला. भाऊजींनी तो मनगटाशी धरला. दुसऱ्या हाताने त्यांनी बटण आठावर नेलं.

"असू दे," ते शांतपणे म्हणाले. "आवाज छान आहे. ऐकू दे की सगळ्यांना."

लग्नातल्या उलट्या ट्रान्झिस्टरचा मजकूर मग आठावर वाजला. ताई आधी पांढरी पडली आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिच्यामागून भाऊजीही हसले, म्हणून सासूबाईंपर्यंत काही गेलं नाही आणि आमची अब्रू वाचली. माझी गेली, पण ती घरखर्चात धरलेलीच होती.

पाच आठवडे मी ज्या एका गोष्टीसाठी झटलो ती मात्र पूर्ण झाली होती. माझा शब्द न् शब्द, कुठेही न फाटता, तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वच्छ ऐकू आला. तिथल्या खिडकीतून शेवटचं "व्हय म्हाराजा" आलं, तेव्हा चार मजल्यांत एकच माणूस गप्प होता. कोर्स केलेला.